औषधाला पैसा मिळतो, गाडीभाड्याला मिळत नाही

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्याने स्वतः लिहून दिले.)



दरवर्षी या दिवशी मला धर्मांतराच्या इतिहासावर नाहीतर कामगार चळवळीवर बोलायला सांगतात. मीही तेच ते बोलतो आणि तुम्हीही सवयीने ऐकून घेता. यंदा मी समितीला म्हटलं, मला लहान मुलांच्या कॅन्सरवर बोलायचं आहे. समितीतले एक वडीलधारे म्हणाले, "अहो, वर्धापन दिन आहे, खीर शिजतेय, आणि तुम्ही कॅन्सर कुठं काढता?" त्यांचं काही चुकलं नाही. पण ज्या घरात हा आजार शिरतो त्या घराला तो दिवसवार विचारून येत नाही. म्हणून बोलतो. खीर नंतर खाऊच.

मी नववीपर्यंत शिकलेला माणूस. १९९० च्या सुमाराला परळच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. नायगावच्या बी.डी.डी. चाळीत मावशीकडे राहायचो. बदलीचं कायम होईना म्हणून परत आलो, आणि तेव्हापासून इथल्या औद्योगिक वसाहतीत सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. डॉक्टरकीचं मला काही कळत नाही. जे सांगणार आहे ते थोडं वाचून, बरंचसं विचारून आणि दवाखान्याच्या बाकड्यावर बसून शिकलेलं आहे.

परळला असताना पाळीला जाताना टाटा रुग्णालयावरून जायचो. समोरच्या फूटपाथवर प्लास्टिक बांधून कुटुंबंच्या कुटुंबं बसलेली असायची. एक स्टोव्ह, दोन पातेली, आणि मधोमध डोक्यावर एकही केस नसलेलं, तोंडाला फडकं बांधलेलं पोर. मला वाटायचं, ही लांबच्या मुलखातली माणसं, बिहार-बंगालकडची. चोवीस वर्षांनी त्याच फूटपाथवर आपल्या सिन्नरचं कुटुंब बसलेलं पाहिलं.

त्या कुटुंबाची हकिगत सांगतो. त्यातला बाप आज या सभेत बसलेला आहे. त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीनेच बोलतोय. नाव घेणार नाही.

२०१४ सालची गोष्ट. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. ताप यायचा, उतरायचा, परत यायचा. रात्री पाय दुखतात म्हणून रडायचा. खेळताना न पडताही अंगावर निळे डाग उठायचे. तीन आठवडे तापाची इंजेक्शनं झाली. दोनदा अंगारा झाला. (हो, अंगाराच. आपण देव सोडले, पण अंगारा काही सगळ्यांच्या घरातून गेलेला नाही. आज इथं एवढ्यावरच सोडतो.) मग नाशिकला रक्त तपासलं आणि तिथून थेट मुंबईला पाठवलं. रक्ताचा कॅन्सर. डॉक्टर लोक त्याला ए.एल.एल. म्हणतात. लहान मुलांत सगळ्यात जास्त आढळतो तो हाच, आणि वेळेवर व पूर्ण उपचार झाले तर सगळ्यात जास्त मुलं बरी होतात त्यातलाही हाच.

आपल्या वस्तीत ही बातमी कळली तेव्हा मी पुढाकार घेतला. एका रविवारी डबा घेऊन फिरलो. गिरणीच्या गेटवर उभा राहिलो. विड्या वळणाऱ्या बायकांनी सुपाखालची दहा-वीसची नोट काढून दिली. एका दिवसात २३ हजार ४०० रुपये जमले. पाकीट देतानाचा फोटो पेपरात आला. त्या फोटोत मधोमध मी आहे. ते कात्रण अजून माझ्या घरी आहे. फेकवत नाही आणि बघवतही नाही.

आता हिशोब ऐका, कारण माझं आजचं सगळं भाषण या हिशोबात आहे. उपचाराला पैसे लागत नव्हते. शासनाची राजीव गांधी जीवनदायी योजना आदल्याच वर्षी, २०१३ ला, आपल्या जिल्ह्यात आली होती. पिवळं रेशनकार्ड होतं, त्यामुळं औषधं, तपासण्या त्यातून झाल्या. पण दर आठवड्याला मुंबईची एक फेरी. इथून नाशिकरोड, तिथून गाडी, दादरहून पुढं, आणि परत तसंच. आईबाप दोघं आणि पोर, मिळून येऊन-जाऊन सहाशे रुपये. दोन दिवसांचं खाणंपिणं दोनशे. बाप कंत्राटी हमाल, रोज अडीचशे, दोन दिवसांचा खाडा म्हणजे पाचशे. आई विड्या वळायची, तिचे शंभर-शंभर गेले. मिळून पंधराशे. महिन्याला चार फेऱ्या, सहा हजार. आता २३ हजार ४०० ला सहा हजाराने भागा. चार महिनेसुद्धा पुरत नाहीत.

चौथ्या महिन्यात पैसे संपले. तो माझ्याकडे परत मागायला आला नाही. कसा येईल? सगळ्या वस्तीसमोर पाकीट घेतलं होतं, फोटो छापला होता. आता पुन्हा हात पसरला तर लोक म्हणतील, एवढे दिले ते काय केलेस? आणि मीही विचारलं नाही. पोरगा गल्लीत गोट्या खेळताना दिसला. डोक्यावर बारीक केस आलेले, गाल भरलेले. मी मनात म्हटलं, झाला बरा. बापालाही तसंच वाटलं. फेऱ्या थांबल्या.

इथंच सगळे फसतात. या आजारात पहिल्या महिनाभरात औषधानं रोग दिसेनासा होतो. रक्ताचा रिपोर्ट चांगला येतो, पोर खेळायला लागतं. पण हाडांच्या मगजात, मेंदूभोवतीच्या पाण्यात थोड्या रोगी पेशी दडून राहतात. त्या मारायला पुढं दोन-अडीच वर्षं औषध चालू ठेवावं लागतं. आधी काही महिने सलाईनमधून जोरात, मग घरी गोळ्या आणि मधूनमधून तपासणी. म्हणजे पोर धडधाकट दिसत असताना, सगळ्या जगाला बरं वाटत असताना, बापानं कामाचा खाडा करून ते दवाखान्यात न्यायचं असतं. ज्याच्या घरी रोजची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याला हे सांगून बघा.

२०१५ च्या उन्हाळ्यात आजार उलटला. उलटलेला आजार पहिल्या औषधाला सहज दाद देत नाही. पावसाळा संपायच्या आत पोरगा गेला.

रिंगफ्रेमवर आमचं काम काय, तर धागा तुटला की सांधणं. तुटलेला धागा जोडायला दोन सेकंद लागतात, पण तुटलाय हे बघायला माणसाला पाळीभर साच्यापुढं फिरत राहावं लागतं. मी पस्तीस वर्षं हेच काम करतोय. आणि आपल्या गल्लीतला धागा तुटला तो मला दिसला नाही.

पुढं मी चौकशी करत गेलो तेव्हा कळलं, हे आपल्याच एका पोराचं झालेलं नाही. टाटा रुग्णालयाच्या मुलांच्या विभागात २००९-१० च्या सुमाराला शंभरातली वीसएक मुलं उपचार नाकारून किंवा अर्धवट सोडून जात होती. आजारानं हरण्याच्या आधीच मैदान सोडलेलं. मग तिथल्या डॉक्टर आणि समाजसेवा विभागाच्या लोकांनी ठरवलं की औषधाइतकंच या बाकीच्या गोष्टींकडे बघायचं. राहायला जागा, जेवण, प्रवासाचे पैसे, आईबापाशी बोलणारं माणूस. आणि ठरल्या तारखेला मूल आलं नाही तर फोन करायचा, पत्ता काढायचा, का आला नाहीस विचारायचं. काही वर्षांत उपचार सोडणाऱ्यांचं प्रमाण शंभरात पाचाच्या आत आलं. यात नवीन औषध कुठलंही नाही, हे लक्षात घ्या. खोली, डबा, तिकीट आणि फोन.

आपल्या पोराच्या वेळीही त्या रुग्णालयात समाजसेवा विभाग होता. तिथं जाऊन विचारायचं असतं हे ना त्या बापाला माहीत, ना मला. मी पाकीट देऊन मोकळा झालो होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये मुलांच्या कॅन्सरसाठी जगभरचा कार्यक्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं असं की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या शंभर मुलांतली ऐंशीहून जास्त वाचतात, आणि गरीब देशांत कित्येक ठिकाणी तीससुद्धा वाचत नाहीत. २०३० पर्यंत निदान साठ तरी वाचावीत असं त्यांनी ठरवलं आहे. आजार एकच, औषधं बरीचशी तीच. मग मधली पन्नास मुलं कुठं जातात? उशिरा निदान, औषध न मिळणं, जंतुसंसर्ग अशी कारणं आहेतच. पण त्यातली काही एस.टी. स्टँडवर हरवतात, असं मी माझ्या अनुभवानं सांगतो.

औषधाचा विषय निघाला म्हणून एक माहिती देतो, पोरांनो तुम्ही ऐका. १९४७ पर्यंत रक्ताच्या कॅन्सरचं मूल म्हणजे काही आठवड्यांचं सोबती. त्या वर्षी अमेरिकेत बोस्टनला डॉ. सिडनी फार्बर यांनी अशा मुलांना एक नवीन औषध दिलं आणि १९४८ ला त्याचा अहवाल छापला. पहिल्यांदाच आजार मागे हटलेला दिसला, थोड्या दिवसांसाठी का होईना. ते औषध ज्यांच्या देखरेखीखाली तयार झालं ते होते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव, आपल्या आंध्रातल्या भीमावरमला १८९५ साली जन्मलेले. घरची गरिबी, मित्रांच्या आणि सासऱ्यांच्या मदतीवर शिकले. आज आपली मुलं घरी घेतात ती मेथोट्रेक्सेटची पिवळी गोळी त्याच औषधाच्या कुळातली. म्हणजे कोणीतरी एका होतकरू पोराच्या शिक्षणाला हातभार लावला होता, त्याचं हे फळ. वर्गणी देताना कुठं जाऊन पोचेल ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

त्याच फार्बर डॉक्टरांनी १९४८ ला मुलांच्या कॅन्सरसाठी निधी उभा केला. एका आजारी मुलाला जिमी असं टोपणनाव देऊन रेडिओवरून त्याच्याशी बोलणं प्रसारित केलं, आणि लोकांनी भराभर पैसे दिले. माझ्या डब्यासारखंच की! फरक एवढाच की त्यांचा डबा दुसऱ्या दिवशी बंद झाला नाही. जिमी फंड या नावानं तो आजही चालू आहे. आणि तो जिमी? लोकांनी धरून चाललं होतं की तो केव्हाच गेला असेल. १९९८ साली तो समोर आला. ट्रक ड्रायव्हर झाला होता. २००१ मध्ये पासष्टाव्या वर्षी गेला.

आता आपल्याकडचं बघू. आपल्याकडे दानत नाही असं मुळीच नाही. टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं, त्याची मुळं दोराबजी टाटांच्या दानात आहेत. त्यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनंच गेल्या होत्या. पुढं ते सरकारकडे आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आलं. रुग्णालय उभं राहिलं, पण बाहेरगावचं माणूस राहील कुठं, हा प्रश्न रुग्णालयाच्या दाराबाहेरचा. तो आपल्या मातीतल्या एका माणसाला फार आधी कळला होता. गाडगेबाबांनी मुंबईला जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, हे आपल्याला पाठ आहे. पण अक्षर न शिकलेल्या त्या माणसाला आजाऱ्याच्या सोबत्याचं दुःख कसं दिसलं, यावर आपण कधी बोलत नाही. आज दादरला गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत कॅन्सरचे रुग्ण अगदी थोड्या पैशांत राहतात. परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. टाटाच्या समोरच्या भागात हरखचंद सावला यांच्या जीवन ज्योत ट्रस्टनं गेली कित्येक वर्षं रोज शेकडो माणसांचं जेवण चालवलंय.

लहान मुलांसाठी म्हणून खास काम करते ती सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था. निहाल आणि श्यामा कविरत्ने या दांपत्यानं २००६ मध्ये मुंबईत सुरू केली, आता बऱ्याच शहरांत आहे. उपचार चालू असलेलं मूल आणि त्याचे आईबाप यांना राहायला फुकट जागा, आठवड्याचं रेशन, दवाखान्यात जायला गाडी. मुंबईत कॉटनग्रीनला पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारतींत त्यांचं मोठं केंद्र आहे. कॉटनग्रीन म्हणजे जिथं आमच्या गिरण्यांच्या कापसाच्या गाठी यायच्या ती जागा. तिथं आता टकली पोरं तीनचाकी सायकल फिरवतात. मी पाहिलं आणि मला बरं वाटलं, गिरण्यांच्या जागेवर टॉवर झालेले पाहून वाटतं त्याच्यापेक्षा कितीतरी बरं.

तिथली एक गोष्ट मला पटली. जेवण आयतं वाढत नाहीत. सामायिक स्वयंपाकघर आहे, त्यात प्रत्येक आईला आपापली शेगडी. आपल्या लेकराला आपल्या हातचं करून घाल. याला कारण आहे. कॅन्सरच्या औषधानं अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, मग साधा जुलाबसुद्धा जिवावर बेततो. बाहेरचं, उघड्यावरचं, शिळं चालत नाही. म्हणूनच फूटपाथवर राहून या आजाराचा उपचार घेणं म्हणजे एका हातानं बादली भरायची आणि दुसऱ्या हातानं ओतायची.

आणि म्हणूनच माझी तरुण मंडळाला विनंती आहे, जयंतीच्या दिवशी वीस जणांनी गळ्यात निळे रुमाल घालून मुलांच्या वॉर्डात केळी वाटायला जाऊ नये. भावना चांगली आहे. पण अशा मुलाला गर्दीतला एक खोकलासुद्धा महागात पडतो. फळवाटपाचे ते पैसे तिकिटाला ठेवा.

२०१८ च्या दिवाळीनंतर आपल्याच तालुक्यातली एक मुलगी आजारी पडली. पाच वर्षांची, आजार तोच. या वेळी मी डबा घेऊन फिरलो नाही. गिरणीतल्या बारा जणांना म्हटलं, महिन्याला शंभर रुपये, पण अडीच वर्षं. मधे सोडायचं नाही. बारातले दोन गळाले, तीन नवे आले. शंभर रुपये महिना म्हणजे काहीच नाही, बाराशे-तेराशेमध्ये काय होतं, असं म्हणाल. पण या वेळी गाडीला सवलत घेतली होती, ती पुढं सांगतो. खोली संस्थेची होती, जेवण संस्थेचं होतं. आम्हाला फक्त येणं-जाणं आणि आईच्या बुडालेल्या विड्यांचे थोडे पैसे बघायचे होते. आणि तारखेच्या आदल्या संध्याकाळी एकानं घरी जाऊन विचारायचं, उद्या निघताय ना?

मग मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं. मुलगी घरी आलेली, पुढची तारीख एप्रिलची. गाड्या बंद, एस.टी. बंद, रस्त्यावर पोलीस. आम्ही रुग्णालयाचं कार्ड दाखवून पास काढला, पण वाहन? वाशी मार्केटला भाजीपाल्याचे टेम्पो चालू होते. एका टेम्पोवाल्यानं कोबीच्या पोत्यांपुढं, केबिनमध्ये, मायलेकींना बसवून नेलं आणि वाशीहून पुढं आपण होऊन दवाखान्याच्या दारात सोडलं. एक पैसा घेतला नाही. तो आपल्या समाजाचा नव्हता, त्यानं आमची जात विचारली नाही, आम्ही त्याची विचारली नाही. चार महिने मायलेकी मुंबईतच राहिल्या. २०२१ मध्ये तिचे उपचार पुरे झाले. ती आता शाळेत जाते. दरवर्षी तपासणीला जावं लागतं, आणि अजूनही फोन वाजला की आईच्या काळजाचं पाणी होतं. आजार गेला तरी ती भीती जात नाही.

या मुलीच्या वेळी एका नातेवाइकानं आईला सांगितलं, "पोरीच्या जातीला एवढं कशाला? पुढचं लेकरू बघा." आपल्या देशातल्या कॅन्सर रुग्णालयांत मुलग्यांच्या मानानं मुली कमी आणल्या जातात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. आजार मुलींना कमी होतो एवढंच त्याचं कारण नाही. कारण त्या नातेवाइकाच्या वाक्यात आहे, आणि तो नातेवाईक दर पौर्णिमेला विहारात येतो.

विहाराचा विषय निघाला म्हणून आणखी एक बोलतो, भन्तेजींची क्षमा मागून. त्या पहिल्या मुलाच्या आजारात आपल्यातल्या काही जणांनी त्याच्या आईला किसा गौतमीची गोष्ट सांगितली. मोहरीचे दाणे, आणि ज्या घरात मरण झालं नाही असं घर. गोष्ट थोर आहे. पण किसा गौतमीचं बाळ गेलेलं होतं, हे आपण विसरतो. या बाईचं लेकरू जिवंत होतं आणि वाचण्यासारखं होतं. तिला अनित्यतेची शिकवण त्या घडीला कशाला? त्यापेक्षा तथागतांची दुसरी गोष्ट आठवायची होती. अतिसारानं आजारी, स्वतःच्या घाणीत पडलेला भिक्खू. बाकीचे त्याच्याजवळ जात नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि दोघांनी मिळून त्याला आपल्या हातांनी धुतलं. मला शिकवायचं असेल तर ही गोष्ट शिकवा.

आपलं सिन्नर विडीचं गाव. माझ्या आईनं जन्मभर विड्या वळल्या. त्यामुळं आजारी मुलाच्या आईला पहिली शंका येते ती हीच, माझ्या सुपातल्या तंबाखूनं झालं का? मी डॉक्टरांना विचारलं. मोठ्या माणसांच्या तोंडाच्या, घशाच्या, फुप्फुसाच्या कॅन्सरला तंबाखू कारण आहे, त्यात वाद नाही, आणि पानं-तंबाखू निजल्या पोरांपासून दूर ठेवावीच. पण मुलांच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा असं एक कारण सापडत नाही. आईबापाच्या हातून काही घडलं म्हणून तो होत नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा मायबहिणींनो, एकमेकींच्या मुलांना त्या पोराबरोबर खेळू नको म्हणून घरात ओढू नका. अस्पृश्यता काय असते ते आपल्याला कोणी सांगायला नको.

लक्षणं ध्यानात ठेवा. आठवडे-आठवडे न जाणारा ताप, चेहरा पांढराफटक पडणं, मार न लागता डाग, हिरड्यातून रक्त, हाडं दुखणं, मानेत-काखेत गाठी, पोटात गोळा, आणि बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत मांजरासारखी पांढरी चमक. यातलं काही दिसलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, बहुतेक वेळा नसतोच. पण रक्ताची तपासणी करायला वेळ लावू नका.

घरातल्या दुसऱ्या मुलांचं कोणी बघत नाही. आईबाप मुंबईला, मोठी बहीण आजीकडे. तिची शाळा बुडते, स्वयंपाक तिच्याकडे येतो, आणि सगळे विचारतात ते भावाला कसं आहे. पहिल्या घरातल्या मोठ्या मुलीची नववी अशीच गेली. वही-पुस्तकं, शिकवणी, संध्याकाळी विहारात अभ्यासाला बसवणं, एवढं तरी आपल्या हातात आहे. त्याला वर्गणी लागत नाही.

रक्ताबद्दल. आपण १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला शिबिर घेतो, चांगली गोष्ट आहे. पण या मुलांना लागतात त्या बहुतेक वेळा प्लेटलेट. त्या पाचच दिवस टिकतात. शिबिराच्या दिवशी शंभर बाटल्या आणि पुढच्या महिन्यात कोणीच नाही, असं इथं चालत नाही. एकट्या मजुरानं मुंबईत रक्तदाता कुठून आणावा? पण माझं म्हणणं, इथं बसलेल्या प्रत्येकाचा कोणी ना कोणी नायगावला, वरळीला, चेंबूरला, उल्हासनगरला आहे. त्यांची नावं, रक्तगट आणि फोन एका कागदावर आले तर तीच मोठी रक्तपेढी. लग्नपत्रिका द्यायला त्यांचे पत्ते आपल्याला बरोबर सापडतात.

आता सवलतींचं, भराभर सांगतो. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराला जाण्या-येण्यासाठी स्लीपरला पूर्ण भाडं माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के. पंचवटीसारख्या गाडीत बसून जायच्या दुसऱ्या वर्गाला दोघांनाही ७५ टक्के. रुग्णालयातून छापील फॉर्मवर डॉक्टरची सही-शिक्का आणायचा, बस्स. एस.टी.तही सवलत आहे. जीवनदायीचं नाव २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झालं, आणि २०२३ मध्ये शासनानं तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. आधार आणि रेशनकार्डावर नाव एकसारखं आहे ना, ते आजारी पडायच्या आधी बघून ठेवा. आपल्याकडे निम्म्या घरांत ते जुळत नाही. मुंबईला गेल्या गेल्या आधी समाजसेवा विभागाचा दरवाजा विचारायचा, खोली, जेवण, प्रवास, सगळ्याची चिठ्ठी तिथूनच निघते. आणि आता नाशिकलाही कॅन्सरची रुग्णालयं झाली आहेत, मधल्या काही तपासण्या तिथं होतील का, हे मुंबईच्याच डॉक्टरांना विचारावं. स्वतःच्या मनानं जागा बदलू नये.

समितीकडे माझं मागणं छोटं आहे. वर्धापन दिनाच्या खर्चातून मंडप आणि स्पीकरचे थोडे कमी करून महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढावी. पाकीट द्यायचं नाही, फोटो काढायचा नाही. तिकीट काढून द्यायचं. सध्या आपल्या तालुक्यातल्या तीन मुलांचे उपचार चालू आहेत असं आमच्या वहीत आहे. एकाचे अजून चौदा महिने बाकी आहेत.

ती वही मी सांभाळत नाही. मघाशी ज्यांच्या मुलाची हकिगत सांगितली, ते सांभाळतात. २०१८ ला आम्ही बारा जण जमलो तेव्हा ते न बोलावता आले होते. मला म्हणाले, "भाऊ, तारखा माझ्याकडे द्या. पोर चांगलं दिसायला लागल्यावर बापाच्या मनात काय येतं ते मला माहीत आहे." तेव्हापासून तारखेच्या आदल्या संध्याकाळी दार वाजवायला तेच जातात, आणि पहाटे नाशिकरोडला गाडीत बसवून देतात. ते मागच्या रांगेत, खांबाजवळ बसलेत. ज्यांना महिन्याचे शंभर लिहायचे असतील त्यांनी खीर घेऊन झाल्यावर त्यांच्याकडे जावं. पेन सोबत न्या, त्यांच्याकडचं चालत नाही.

जयभीम.